महाविद्यालयीन विद्यार्थ्यांमधील चिंताविकार: प्रकार वेगळे, म्हणून उपायही वेगळे

निर्मळवाट (धागालेखिका)

मी गोव्यातील एका महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते आणि तेथील समुपदेशन कक्षाच्या कामातही सहभागी असते. सत्रान्त परीक्षा जवळ आली की कक्षात येणाऱ्या मुलांची संख्या वाढते आणि बहुतेक जण सुरुवातीला 'टेन्शन येते' एवढेच सांगतात. थोडे बोलते केल्यावर मात्र कळते की एक मुलगा निकाल, फी, आईची तब्येत, वडिलांचा रात्रीचा प्रवास अशा एकामागून एक काळज्यांत कित्येक महिने रात्री काढतो आहे. एका मुलीला बसमध्ये अचानक छातीत धडधडून 'आता मी मरणार' असे वाटले आणि तेव्हापासून तिने बसच सोडली आहे. आणि तिसरा विद्यार्थी अभ्यासात हुशार असूनही सेमिनारच्या दिवशी नेमका गैरहजर राहतो. तिघांनाही घरून आणि मित्रांकडून एकच सल्ला मिळालेला असतो: इतका विचार करू नकोस, दीर्घ श्वास घे, मन शांत ठेव. माझे म्हणणे असे की हे तीन वेगळे विकार आहेत, त्यांना खतपाणी घालणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत, आणि प्रकार समजून न घेता दिलेला सल्ला कधी निरुपयोगी तर कधी अपायकारकही ठरतो.

परीक्षेच्या आदल्या रात्री झोप न लागणे किंवा तोंडी परीक्षेपूर्वी घशाला कोरड पडणे हा विकार नव्हे. प्रसंगाच्या मानाने भीती फारच मोठी असेल, प्रसंग टळून गेल्यावरही ती ओसरत नसेल आणि तिच्यामुळे शिक्षण, झोप, प्रवास किंवा मैत्री यांत अडथळा येत असेल, तेव्हाच चिंताविकाराचा विचार करावा.

पहिल्या मुलाची अवस्था सार्वत्रिक चिंताविकारात मोडू शकते. यात काळजीचा विषय सतत बदलतो, पण काळजी संपत नाही. किमान 6 महिने, बहुतेक दिवस ती टिकून असते आणि तिच्या जोडीला अस्वस्थता, थकवा, एकाग्रता न होणे, चिडचिड, मान-खांदे आखडणे आणि झोप बिघडणे यांपैकी काही लक्षणे दिसतात. अशी मुले वर्गात फारशी नजरेत येत नाहीत, कारण ती वेळेवर येतात आणि अभ्यासही करतात. डोकेदुखी किंवा पोटदुखीसाठी ती डॉक्टरांकडे जातात; काळजी हा आपला स्वभावच आहे, अशी त्यांची समजूत झालेली असते.

दुसऱ्या मुलीला आला तो भयाचा झटका, म्हणजे पॅनिक अटॅक. काही मिनिटांतच तो शिखर गाठतो: हृदय धडधडते, दम कोंडतो, हातपाय थरथरतात, बोटांना मुंग्या येतात, आजूबाजूचे सारे खोटे वाटू लागते. एखादा झटका अनेकांना आयुष्यात कधी तरी येऊन जातो आणि तेवढ्यावरून विकार ठरत नाही. झटके अनपेक्षितपणे पुन्हा पुन्हा येऊ लागले आणि महिनाभर किंवा त्याहून अधिक काळ 'पुन्हा आला तर काय' या धास्तीने वागणेच बदलले, तर त्याला पॅनिक विकार म्हणतात. त्यातून पुढे बस, गर्दीचे सभागृह, बाजार अशा जेथून पटकन बाहेर पडता येणार नाही त्या जागा टाळणे सुरू झाले की अ‍ॅगोराफोबिया उद्भवू शकतो. आपल्याकडे फेरीबोटीने नदी ओलांडून शिकायला येणारी मुले आहेत. बोट मध्येच सोडता येत नाही, एवढी एकच गोष्ट अशा विद्यार्थ्याला घरी बसवायला पुरेशी असते, आणि घरच्यांना वाटते की त्याला शिकायचेच नाही.

तिसऱ्याचा सामाजिक चिंताविकार. लोक आपल्याला पारखतील, आपली फजिती होईल, आपला आवाज कापलेला त्यांना कळेल, ही त्यामागची भीती. आबे फारिया यांच्याविषयीची आख्यायिका येथे अनेकांना ठाऊक असेल. कांदोळीत 1756 साली जन्मलेला हा तरुण पाद्री लिस्बन येथे राणीच्या उपस्थितीत प्रवचनाला उभा राहिला आणि समोरचा थाटमाट पाहून त्याची वाचाच बसली. तेव्हा वडिलांनी खालून हळूच कोकणीत सांगितले, 'ही सगळी भाजी, कातर रे भाजी', म्हणजे समोरचे सारे भाजीपाल्यासारखे, खुशाल काप, आणि तो सावरला. पुढे संमोहनावर मूलगामी काम करणाऱ्या माणसाची ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी. मात्र ती सभाभीतीची गोष्ट आहे, विकाराची नाही, हेही सांगावे. सामाजिक चिंताविकार असलेली व्यक्ती कॅन्टीनमध्ये चारचौघांत खायला, वर्गात उशिरा शिरायला, कार्यालयाच्या खिडकीपाशी शंका विचारायलाही घाबरते. हा विकार बहुधा किशोरवयातच सुरू झालेला असतो आणि एका वाक्याने तो जात नाही.

विशिष्ट भयगंडात उंची, कुत्रे, वीज, सुई अशा एखाद्याच गोष्टीची तीव्र भीती असते. त्यातला रक्त आणि इंजेक्शनचा भयगंड मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण इतर भीतींत रक्तदाब वाढतो, पण येथे तो आधी किंचित वाढून मग एकदम कोसळतो आणि माणूस खरोखरच बेशुद्ध पडतो. अशा वेळी 'अंग सैल सोड' हा सल्ला नेमका उलटा ठरतो.

घर सोडून वसतिगृहात आलेल्या काही मुलांमध्ये विलगतेची चिंता दिसते. ती फक्त लहान मुलांत असते असे नाही. मंत्रचळ, म्हणजे ओसीडी, आणि आघातानंतरचा तणावविकार यांना अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या 2013 च्या वर्गीकरणात चिंताविकारांतून काढून स्वतंत्र स्थान देण्यात आले, म्हणून त्यांची चर्चा येथे करत नाही.

डिचोलीकर

ताई, लेख मनापासून वाचला. माझी शंका पहिल्या प्रकाराविषयी आहे. आमच्या तालुक्यात 2012 साली आणि पुन्हा 2018 साली खाणी बंद पडल्या तेव्हा अनेक घरांचे हप्ते थकले, ट्रक दारात उभे राहिले. त्या काळात शाळेत असलेली मुले आज महाविद्यालयात आहेत. माझा मुलगा सतत पैशांचा हिशोब करतो, मित्रांबरोबर चहालाही जात नाही, आणि घरची स्थिती आता बरी आहे असे सांगूनही त्याला पटत नाही. घरात खरोखरच अडचण पाहिलेल्या मुलाच्या काळजीला आपण विकार म्हणायचे का?

निर्मळवाट

दादा, हा प्रश्न विचारलात हे फार चांगले झाले. खऱ्या संकटातून आलेली काळजी खोटी ठरवण्याचा अधिकार कोणालाही नाही, आणि घरची आर्थिक अडचण समुपदेशनाने सुटत नाही. तेथे शिष्यवृत्ती आणि फीसाठी मुदत हीच खरी मदत असते. फरक पाहायचा तो असा की काळजीतून एखादी कृती निघते का. ज्याला फीची चिंता आहे तो अर्ज भरतो, चौकशी करतो आणि मार्ग निघाला की त्याला हायसे वाटते. सार्वत्रिक चिंताविकारात मार्ग निघाल्यावर काळजी दुसऱ्या विषयावर सरकते आणि मिळालेले आश्वासन तासाभरात विरते. आपण वर्णन केलेल्या वागण्यावरून मी निदान करू शकत नाही आणि करूही नये. मात्र त्याची झोप कशी आहे, काळजी फक्त पैशांपुरती आहे की आपण घरी यायला उशीर केला तरी तो अस्वस्थ होतो, हे पाहावे. जीएडी-7 नावाची सात प्रश्नांची चाचणी 2006 साली तयार झाली. ती मागील दोन आठवड्यांविषयी विचारते, एकूण गुण 0 ते 21 असतात आणि 10 किंवा त्याहून अधिक गुण आल्यास तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी असे मानले जाते. ती चाळणी आहे, निदान नव्हे.

दिवाडीची

फेरीबोटीचा उल्लेख वाचून लिहिण्याचे धैर्य आले. मला पहिला झटका बोटीवरच आला. आपत्कालीन विभागात नेले, ईसीजी काढला, तो व्यवस्थित होता, आणि 'तुला काही झालेले नाही' असे सांगून घरी पाठवले. त्या वाक्याने मला अधिक भीती वाटली, कारण जे झाले ते मी अनुभवले होते. नंतर मी पाण्याची बाटली, पिशवीत गोळी आणि सोबत मैत्रीण असल्याशिवाय बाहेर पडेनाशी झाले. आता मी उपचार घेत आहे आणि पुन्हा वर्गात जाते. पण माझा प्रश्न राहतोच: हृदय ठीक आहे हे माहीत असूनही शरीर असे का वागते?

निर्मळवाट

भीती वाटली की शरीर पळण्याच्या किंवा झुंजण्याच्या तयारीला लागते. अ‍ॅड्रेनॅलिन वाढते, हृदय वेगाने चालते, श्वास भराभर होतो. भराभर श्वासाने रक्तातील कार्बन डायॉक्साइड कमी होतो आणि त्यामुळेच चक्कर आणि बोटांतल्या मुंग्या येतात. हे सारे अप्रिय असले तरी घातक नाही. झटका पेट घेतो तो त्या संवेदनांच्या अर्थामुळे: धडधड झाली की 'हृदय बंद पडणार', चक्कर आली की 'मी कोसळणार', हा अर्थ मनात आला की भीती वाढते, भीतीने धडधड वाढते आणि चक्र पूर्ण होते. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी 1986 साली मांडलेले हे स्पष्टीकरण आजही उपचाराचा पाया आहे. म्हणूनच तज्ज्ञ, वैद्यकीय तपासणी झाल्यानंतर, जागच्या जागी धावायला किंवा खुर्चीत गोल फिरायला लावून त्याच संवेदना मुद्दाम निर्माण करतात, म्हणजे त्या येऊन जातात आणि काही घडत नाही याचा अनुभव शरीराला मिळतो.

आपण बाटली, गोळी आणि मैत्रीण यांविषयी लिहिलेत ते अत्यंत मोलाचे आहे. या आधारांमुळे त्या वेळी निभावते, पण 'बाटली होती म्हणून मी वाचले' हा समज पक्का होतो. म्हणून ते आधार हळूहळू कमी करणे हाही उपचाराचाच भाग असतो. मैत्रीण आधी शेजारी, मग बोटीच्या दुसऱ्या टोकाला, मग पलीकडच्या धक्क्यावर वाट पाहत उभी, असा क्रम आपल्या उपचारकर्त्यांशी बोलून ठरवता येईल.

वैद्य_तिसवाडी

मी जनरल प्रॅक्टिस करतो. धागालेखिकांच्या विवेचनाला वैद्यकीय बाजूची थोडी जोड देतो. चिंताविकाराचा शिक्का मारण्यापूर्वी थायरॉइड वाढलेला नाही ना, रक्तक्षय नाही ना, दम्याच्या औषधांचा परिणाम नाही ना, आणि मूल रात्र जागवण्यासाठी किती कॉफी किंवा एनर्जी ड्रिंक पिते, हे विचारलेच पाहिजे. दुसरे म्हणजे मद्य. गोव्यात ते समारंभांत सहज हाती येते. लोकांत मिसळायची भीती असलेला मुलगा दोन पेग घेतल्यावर मोकळा होतो, दुसऱ्या दिवशी मद्य उतरताना चिंता आणखी वाढते आणि तो पुन्हा त्याच वाटेने जातो. सामाजिक चिंताविकाराच्या मागून व्यसन येते ते बहुधा असेच.

औषधांविषयी दोन टोकांचे गैरसमज आहेत. एसिटालोप्राम किंवा सर्ट्रालिन यांसारखी एसएसआरआय गटातील (मेंदूतील सेरोटोनिनवर काम करणारी) औषधे सवय लावणारी नाहीत, त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि पहिल्या दिवसांत अस्वस्थता किंचित वाढूही शकते; म्हणून आठव्या दिवशी 'उपयोग नाही' म्हणून ती सोडू नयेत, आणि थांबवायची झाल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावीत. याउलट अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या गोळ्यांनी तासाभरात आराम पडतो, पण त्यांचे अवलंबित्व जडते. मित्राच्या चिठ्ठीवरून किंवा आईच्या डब्यातून या गोळ्या घेणारे विद्यार्थी मी पाहतो, आणि मला त्यांची खरोखर काळजी वाटते.

सत्तरीचा_विद्यार्थी

माझी प्राथमिक शाळा मराठी माध्यमाची होती. गणेश चवथीला आरतीत मी सगळ्या वाड्यासमोर घुमट वाजवतो, भजनात गातो, तेव्हा मला काहीच होत नाही. पण वर्गात इंग्रजीतून सादरीकरण करायचे म्हटले की आठवडाभर आधीपासून पोट बिघडते, आणि उभा राहिल्यावर पाठ केलेलेही आठवत नाही. ही केवळ भाषेची कमतरता आहे की सामाजिक चिंताविकार? घरचे म्हणतात की गावात इतका धीट असलेला मुलगा भित्रा कसा असेल.

निर्मळवाट

आरतीत आपण सर्वांबरोबर असता, तेथे आपल्याला कोणी गुण देत नाही आणि त्या लोकांनी आपल्याला लहानपणापासून पाहिलेले असते. वर्गात आपण एकटे उभे असता आणि आपल्या उच्चारांवरून आपली पारख होत आहे असे आपल्याला वाटते. त्यामुळे एका ठिकाणी धीट आणि दुसऱ्या ठिकाणी भयभीत असणे यात काहीच विसंगती नाही. भीती फक्त लोकांसमोर बोलण्यापुरती असेल तर तो या विकाराचा मर्यादित प्रकार असू शकतो. भाषेची तयारी आणि भीती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हींवर काम करावे लागते. शब्द न् शब्द पाठ करणे, नजर कागदावर ठेवणे, भराभर वाचून मोकळे होणे यांनी भीती कमी होत नाही. लक्ष उलट स्वतःच्या आवाजाकडेच लागून राहते. आधी दोन मित्रांसमोर, मग शिक्षकांच्या खोलीत, मग वर्गात, असे चढत्या क्रमाने करावे आणि प्रत्येक वेळी लक्ष जाणीवपूर्वक ऐकणाऱ्यांकडे न्यावे. शिक्षकांनीही अशा विद्यार्थ्याला सादरीकरणातून कायमची सूट देऊ नये. ती दया वाटते, पण तिने भीतीचेच म्हणणे खरे ठरते. पायऱ्या लहान करून द्याव्यात.

जुना_शिक्षक

मी अनेक वर्षे शिकवून निवृत्त झालो. आमच्या वेळी मुले पेडणे, काणकोणहून येत, बस चुकली तर चालत, आणि असे विकार आम्ही ऐकले नव्हते. आज प्रत्येक अडचणीला विकाराचे नाव दिल्याने मुले दुबळी होत नाहीत का? मी हे टीका म्हणून नव्हे, काळजीने विचारतो.

निर्मळवाट

सर, आपली काळजी मी समजू शकते, आणि साध्या दुःखाला विकार म्हणू नये हे आपले म्हणणे मला मान्य आहे. परंतु त्या काळीही काही मुले दुसऱ्या वर्षी गप्पपणे महाविद्यालय सोडून जात आणि 'त्याचे डोके चालत नव्हते' किंवा 'तिचे लग्न ठरले' एवढ्यावर विषय संपत असे. त्यांपैकी किती जणांना बसमध्ये बसवत नव्हते किंवा वर्गात तोंड उघडवत नव्हते, हे कोणी विचारलेच नाही. या विकारांवरचा सर्वांत परिणामकारक मानसोपचार, म्हणजे विचार आणि वर्तन यांवर काम करणारी पद्धती, मुलाला भीतीला सामोरे जायलाच शिकवते. आपण ज्या कणखरपणाविषयी बोलता आहात तो तेथे पायरीपायरीने कमावला जातो. नुसते 'घाबरू नकोस' म्हटल्याने तो येत नाही, आणि सूट देत राहिल्यानेही येत नाही.

परिचारिका_होणार

सुईच्या भयगंडात अंग सैल सोडायचे नाही, तर करायचे काय? प्रात्यक्षिकात मी दोनदा कोसळले आहे आणि शिक्षण सोडावे लागेल अशी भीती वाटते.

निर्मळवाट

शिक्षण सोडण्याची घाई करू नका, हा विकार उपचारांना फार चांगला प्रतिसाद देतो. यात हात, पाय आणि धड यांचे स्नायू साधारण 10 ते 15 सेकंद, चेहरा किंचित उष्ण वाटेपर्यंत, घट्ट आवळायचे, मग मूळ स्थितीत यायचे, पूर्ण सैल पडायचे नाही, आणि थोड्या वेळाने पुन्हा आवळायचे. याने रक्तदाब टिकून राहतो. आधी घरी बसून सराव करावा, मग सुईचे चित्र, मग बंद सिरिंज, मग प्रत्यक्ष प्रसंग. हे मानसशास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली करावे आणि आपल्या प्रशिक्षिकेला आधी सांगून ठेवावे.

पेडण्याची_आई

माझी मुलगी तृतीय वर्षाला आहे. दिष्ट काढली, देवळात गाऱ्हाणे घातले, तरी ती रात्री उठून बसते. तिला डॉक्टरांकडे न्यावे असे मला वाटते, पण नातेवाईक म्हणतात की बांबोळीच्या मानसोपचार रुग्णालयात नेल्याचे कळले तर उद्या लग्नात अडचण येईल. कोठे जावे आणि पहिल्या भेटीत काय सांगावे, हे कोणी सांगेल का?

निर्मळवाट

ताई, गाऱ्हाणे घातल्याने आपल्या मनाला आधार मिळाला असेल तर तो सोडू नका. उपचार त्याच्या जोडीने चालू शकतात. बांबोळीची मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था ही शासकीय आहे आणि तेथे बाह्यरुग्ण म्हणून येणारे असंख्य लोक झोप, काळजी, भीती अशाच तक्रारींसाठी येतात. म्हापसा आणि मडगाव येथील जिल्हा रुग्णालयांतही आधी विचारपूस करता येईल. मोठ्या रुग्णालयातच गेले पाहिजे असेही नाही. पर्वरीच्या 'संगाथ' या 1996 साली स्थापन झालेल्या संस्थेशी संबंधित संशोधकांनी गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत केलेला 'मानस' हा अभ्यास 2010 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात योग्य प्रशिक्षण दिलेल्या, पण डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांच्या मदतीने सरकारी केंद्रांतील नैराश्य आणि चिंताविकाराचे अधिक रुग्ण बरे झाले, असे आढळले. केंद्र सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची दूरध्वनी सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते. मुलीच्या बोलण्यात जगणे नकोसे झाल्याचा सूर आला, तर मात्र भेटीची वेळ ठरण्याची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि तिला एकटे ठेवू नये.

गुप्ततेविषयी सांगायचे तर 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क रुग्णाला दिला आहे, आणि आपली मुलगी सज्ञान असल्याने उपचारांचा निर्णयही तिचा आहे. म्हणून आधी तिच्याशी बोला, तिला डॉक्टरांशी एकटीने बोलू द्या आणि आपण बाहेर थांबा. पहिल्या भेटीसाठी तिने स्वतः कागदावर चार गोष्टी लिहून न्याव्यात: हे कधीपासून होते आहे, रात्री उठल्यावर शरीरात नेमके काय होते, त्या वेळी मनात कोणता विचार येतो, आणि या भीतीमुळे तिने काय काय करणे सोडले आहे. चौथ्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर लिहायला सांगा, कारण विकाराचा प्रकार बहुधा तेथूनच उलगडू लागतो.